फोनवरचा डॉक्टर: गावातून पहिल्यांदा सल्ला घेताना काय मागायचं, काय जपायचं

फोनवरून डॉक्टरांना विचारणं आता गावोगावी रुळलंय. पण बहुतेकांच्या मनात ते अजून ओळखीच्या खात्यात जमा असतं. डॉक्टरांनी फोन उचलला हेच खूप झालं, आता त्यांना नोंदणी क्रमांक कुठे विचारायचा अन् पावती कुठे मागायची! कायद्याचा हिशेब वेगळा आहे. २५ मार्च २०२० ला, देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून दुरून दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय सल्ल्याची, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली आणि ती डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेला परिशिष्ट ५ म्हणून जोडली गेली. तेव्हापासून फोनवर सल्ला देणाऱ्या आणि समोर बसून तपासणाऱ्या डॉक्टरची जबाबदारी एकच. ओपीडीत तुम्ही जे मागू शकता ते फोनवरही मागू शकता, उलट थोडं जास्तच.

आधी असं नव्हतं. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने एका डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला होता. न तपासता फोनवरून औषधं सांगितली गेली आणि बाळंतीण दगावली, असा तो आरोप होता. त्यानंतर बऱ्याच डॉक्टरांनी फोनवर औषध सांगायचा धसकाच घेतला. २०२० च्या नियमांनी काय चालेल आणि काय चालणार नाही याची रेघ ओढून दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी आचारसंहिता आणली खरी, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली. त्यामुळे टेलिमेडिसिनसाठी हात धरायचा तो २०२० च्याच नियमांचा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी मेडिकल चालवतो. फार्मासिस्ट आहे, वकील नाही. पण फोनवर झालेल्या सल्ल्याची शेवटची पायरी माझ्या काउंटरवर येते आणि घोळ कुठे होतो ते तिथे रोज दिसतं. हा लेख त्या काउंटरच्या अलीकडून लिहिलाय.

१. फोन करायचा की गाडी काढायची

हे आधी ठरवा. साप चावला, फवारणी करताना चक्कर आली, उलट्या झाल्या, छातीत कळ आली, बाळंतिणीला रक्तस्राव होतोय, लेकराला झटके येताहेत, अशा वेळी ॲप उघडत बसायचं नाही. १०८ ला फोन लावा, गरोदर बाई किंवा तान्ह्या बाळासाठी १०२ आहे, आणि गाडीला वेळ लागणार असेल तर गावातलं मिळेल ते वाहन काढा. नियमही हेच सांगतात: तातडीच्या प्रसंगी डॉक्टरांनी फोनवर प्रथमोपचार आणि 'कुठे जायचं' एवढंच सांगावं, पुढचा इलाज प्रत्यक्षच. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जे झालं ते इथे कोणी विसरलेलं नाही. विषबाधेच्या रुग्णाबरोबर औषधाचा डबा किंवा बाटली सोबत न्या. कोणतं विष पोटात गेलं किंवा अंगावर पडलं, हे लेबलवरूनच डॉक्टरांना कळतं.

याची दुसरी बाजू लोकांना माहीत नसते. तुम्ही प्रत्यक्ष यायला तयार आहात, तसं म्हणताय, आणि डॉक्टर मात्र "फोनवरच बघू" असा आग्रह धरतायत, तर नियमांच्या भाषेत तो गैरवर्तनाचा प्रकार आहे. फोन ही रुग्णाची सोय आहे, डॉक्टरांची नव्हे.

२. दार कोणतं

सरकारी दार ई-संजीवनीचं. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेली ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांतून सुरू झाली आणि १३ एप्रिल २०२० पासून घरबसल्याही मिळू लागली. पैसे लागत नाहीत. घरून करायचं तर ॲप किंवा वेबसाइटवर मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, टोकन घ्यायचं आणि रांगेत थांबायचं.

नवख्या माणसाने मात्र पहिल्यांदा उपकेंद्रातूनच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उपकेंद्र म्हणजे ज्याच्या पाटीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलेलं असतं ते. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे आपले सीएचओ, आधी बीपी बघतात, साखर तपासतात, वजन घेतात, ते आकडे संगणकात भरतात आणि मग पलीकडच्या डॉक्टरशी जोडून देतात. घरून बोलताना "जरा गरगरतं" एवढंच सांगता येतं. इथे डॉक्टरांना १७०/१०० हा आकडा दिसतो. शिवाय बोलणं पोहोचवणारं माणूस शेजारी असतं. मेळघाटात कोरकू बोलणारी आजी किंवा भामरागडकडचा माडिया बोलणारा आजा पडद्यावरच्या डॉक्टरशी एकटा काय बोलणार? आमच्या इकडे नुसतं वऱ्हाडी असलं तरी पंचाईत होते. "डॉक्टर सायेब तं दिसूनच नाई रायले" म्हणून म्हातारी पडद्याला कान लावते, आणि सिस्टर तिला हळूच मागे बसवून कॅमेऱ्याकडे बघायला सांगते. चिठ्ठीतली औषधं केंद्रात शिल्लक असतील तर तिथल्या तिथे मिळतात.

खासगीत दोन प्रकार. एक, ओळखीचे डॉक्टर, ज्यांना तुम्ही व्हॉट्सॲपवर कॉल करता. दुसरा, मोठ्या शहरांतल्या कंपन्यांची ॲप. दोन्ही कायदेशीर आहेत. फी घेणंही कायदेशीर आहे, पण मग पावती द्यायला हवी. आरोग्य विमा असेल तर ही पावती फेकू नका: ज्या पॉलिसीत दवाखान्यातल्या सल्ल्याचा खर्च मिळतो तिथे टेलिमेडिसिनचाही द्यावा, असं विमा नियामकाने जून २०२० मध्येच कंपन्यांना सांगितलंय.

३. पलीकडे खरंच डॉक्टर आहे का

राज्याच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर देशात कुठूनही, कुठल्याही राज्यातल्या रुग्णाला फोनवर तपासू शकतो. घाटंजीच्या माणसाने बंगळुरूच्या डॉक्टरला विचारलं तर त्यात बेकायदा काही नाही. पण त्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, पावतीवर, वेबसाइटवर, अगदी व्हॉट्सॲपच्या संदेशातही दाखवायलाच हवा. ॲपवाल्या कंपनीने प्रत्येक डॉक्टरचं नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि संपर्क द्यायला हवा. 'आमचे तज्ज्ञ' म्हणून नुसता पांढऱ्या कोटातला फोटो असेल तर पुढे जाऊ नका.

महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथी डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधता येतं. आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनचे वेगळे नियम एप्रिल २०२० मध्ये आले आणि त्यांच्या नोंदवह्याही वेगळ्या आहेत. तेव्हा नाव एका यादीत नाही म्हणून लगेच 'बोगस' म्हणू नका, आधी पॅथी विचारा.

हल्ली आणखी एक भर पडलीय. चॅटमध्ये लक्षणं टाकली की मशीनच उत्तर देतं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेने रुग्णाला सल्ला देणं किंवा औषध लिहून देणं २०२० च्या नियमांत स्पष्ट नाकारलंय. ती डॉक्टरला मदत करू शकते, निर्णय डॉक्टरचाच. म्हणून चॅटमध्ये सरळ विचारा: "मी डॉक्टरशी बोलतोय का? नाव आणि नोंदणी क्रमांक सांगा." खऱ्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

आणि फेसबुकवरच्या 'साखर मुळापासून बरी, पहिला कॉल मोफत' या जाहिराती. मधुमेह, कर्करोग, लकवा बरा करण्याच्या औषधांची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. सत्तर वर्षं झाली त्या कायद्याला, जाहिराती मात्र दरवर्षी नव्या.

४. कॉल सुरू झाल्यावर

तुम्ही स्वतः फोन लावला तर तुमची संमती आहे असं धरलं जातं. पण आशाताई, सीएचओ किंवा घरचं माणूस तुमच्या वतीने कॉल लावत असेल, तर रुग्णाची संमती स्पष्ट विचारायला हवी आणि तिची नोंद व्हायला हवी. सिस्टरने "डॉक्टरशी बोलू ना, बाई?" असं विचारलं तर मान डोलावू नका, तोंडाने 'हो' म्हणा.

डॉक्टर नाव, वय, पत्ता विचारतील. तो त्यांचा नियम आहे. वय खरं सांगा, कारण त्यावर औषधाचं प्रमाण ठरतं. रुग्ण अल्पवयीन असेल तर सोबत मोठं माणूस हवं आणि त्याचीही ओळख विचारली जाते.

आता आपल्याकडे सर्रास दिसणारी गोष्ट: मुलगा पुण्याला नोकरीत, माय गावात, आणि मुलगा तिकडूनच डॉक्टरशी बोलून चिठ्ठी पाठवतो. रुग्ण लहान असेल, किंवा स्मृतिभ्रंशासारख्या आजारामुळे बोलू शकत नसेल, तर घरच्याने बोललेलं चालतं. मात्र धडधाकट बोलणारी माय बाजूला ठेवून मुलाने परस्पर बोलायचं असेल, तर तिने त्याला तसा अधिकार दिल्याचं डॉक्टरकडे काहीतरी हवं: लेखी कागद, नाहीतर आधीच्या प्रत्यक्ष भेटीत तिने स्वतः सांगितलेलं. सोपा उपाय म्हणजे कॉन्फरन्स कॉल. मायला लाइनवर घ्या, दोन वाक्यं तिला बोलू द्या. निम्मं निदान त्या दोन वाक्यांत असतं.

मग येतो व्हिडिओचा प्रश्न, आणि आपल्या रेंजमुळे तो मोठा आहे. नियमांनी औषधांच्या याद्या केल्यात. पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधी औषधं कुठल्याही पद्धतीने, अगदी नुसत्या मेसेजवरही सांगता येतात. त्वचेचं मलम, कानाचे-डोळ्यांचे थेंब अशी औषधं पहिल्याच सल्ल्यात द्यायची तर तो सल्ला व्हिडिओवरच व्हायला हवा. बीपी, साखर, दमा यांच्या चालू गोळ्या पुढे सुरू ठेवायला मात्र साधा आवाजी कॉल पुरतो. अट एकच: त्याच डॉक्टरने त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेलं असावं. सहा महिने उलटले की तुम्ही त्यांच्यासाठी पुन्हा 'पहिल्यांदा आलेले' रुग्ण.

याचा फायदा करून घ्या. ज्या गावात व्हिडिओ दर मिनिटाला अडकतो, तिथल्या बीपी-साखरेच्या रुग्णाने वर्षातून दोनदा, पेरणीआधी आणि कापसाची वेचणी सुरू असताना म्हणा, सेवाग्रामला, नागपूरला किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रत्यक्ष जाऊन यावं. मधले महिने साध्या फोनवर निभतात, एसटीचं भाडं आणि मजुरी दोन्ही वाचते. मात्र दोन फेऱ्यांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आपल्या पूर्व विदर्भात घरोघरी आहेत, त्यांनाही ही पद्धत सोयीची आहे. फक्त अंग ठणकायला लागलं, ताप चढला, श्वास लागला तर ती फोनची वेळ नसते.

काही औषधं फोनवर मिळणारच नाहीत. शेड्यूल एक्स या औषध नियमांतल्या सर्वांत कडक यादीमधली आणि अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येणारी औषधं टेलिमेडिसिनवर लिहायला मनाई आहे. झोपेसाठी लोक मागतात ती अल्प्राझोलाम, आणि कंबरदुखीसाठी सर्रास खाल्ली जाणारी ट्रॅमाडॉल, जी २०१८ मध्ये त्या कायद्याच्या यादीत गेली, ही त्यातलीच. "फोनवर डॉक्टर हो म्हणले" असं सांगून कोणी माझ्याकडे ती मागितली तर मी देत नाही, आणि त्यात माझा आखडूपणा नाही.

५. चिठ्ठी

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

काउंटरवर मोबाइल पुढे येतो. पडद्यावर एका कागदाचा फोटो: वरचा भाग कापलेला, खालच्या कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा, मध्ये तिरक्या अक्षरात तीन औषधं, '१-०-१' आणि 'पाच दिवस'. डॉक्टरचं नाव कापलेल्या भागात गेलेलं. तारीख नाही. रुग्णाचं नाव नाही. हा फोटो आधी भाच्याला आला, भाच्याने जावयाला धाडला, जावयाने यांना. यावर अँटिबायोटिक द्यायचं म्हणजे माझं लायसन्स पणाला.

फोटोवरची चिठ्ठी चालते का? चालते. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा डिजिटल प्रत डॉक्टर व्हॉट्सॲपवर, ईमेलवर पाठवू शकतात, असं नियमांतच आहे. पण चिठ्ठी पूर्ण हवी. डॉक्टरचं नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक, पत्ता-फोन. तारीख. तुमचं नाव, वय, पत्ता. औषधाचं नाव, शक्यतो मूळ औषधाचं (जेनेरिक, कंपनीच्या ब्रँडचं नव्हे) आणि मोठ्या ठळक अक्षरांत, सोबत मिलिग्रॅम, किती वेळा, किती दिवस. खाली सही. यातलं एखादं जरी गाळलेलं दिसलं तर फोन ठेवण्याआधीच डॉक्टरांना सांगा: "साहेब, नोंदणी क्रमांकासकट पूर्ण चिठ्ठी पाठवा, मेडिकलवाला मागतो." माझ्या नावावर खपवा, हरकत नाही.

फोटो काढणारा कंपाउंडर असेल तर कागद सपाट ठेवायला सांगा, चारही कडा दिसल्या पाहिजेत. पुढे धाडायचा असेल तर मूळ संदेशच फॉरवर्ड करा. स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट केला की '५' चा '६' दिसायला लागतो. मधुमेहाच्या गोळीत तो फरक जिवावर बेततो.

माझ्याकडूनही काही गोष्टी होतील, त्याने बिचकू नका. औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख टाकायचा औषध कायद्याच्या नियमावलीत दंडक आहे. मोबाइलच्या पडद्यावर शिक्का कसा मारणार, म्हणून मी चिठ्ठीची प्रिंट काढतो. बरीचशी जोरकस अँटिबायोटिक शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या यादीत आहेत. ती दिली की डॉक्टरचं नाव-पत्ता, तुमचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहून ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. "नाव-गाव कायले पायजे?" असं विचारलं जातं, त्याचं उत्तर हे. आणि एकदा दिलेल्या चिठ्ठीवर, डॉक्टरने तसं लिहिलं नसेल तर, पुन्हा तेच औषध मिळत नाही.

६. औषध कुठून घ्यायचं ते तुमच्या हातात

डॉक्टर थेट एखाद्या दुकानाला चिठ्ठी पाठवू शकतात, पण तुमची स्पष्ट संमती घेऊनच, आणि कुठल्या दुकानातून घ्यायचं ही निवड तुमची. "अमुक ठिकाणूनच घ्या" ही सक्ती फोनवरही चालत नाही. माझ्या दुकानाच्या नुकसानीचं बोलतोय, तरी सांगतो: उपकेंद्रात फुकट मिळत असेल तर तिथूनच घ्या.

ऑनलाइन औषधविक्रीचा कायदा मात्र अजून अर्धवट लोंबकळतोय. २०१८ मध्ये मसुदा आला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्रीवर बंदीचा आदेश दिला, आणि मसुदा मसुदाच राहिला. तेव्हा ऑनलाइन मागवायचंच असेल तर बिलावर दुकानाचा परवाना क्रमांक आणि पत्ता आहे का ते बघा. चिठ्ठी न मागता एच-१ चं औषध पाठवणारा, उद्या काही झालं तर फोनही उचलणार नाही.

७. आभा, आयुष्मान आणि तुमची माहिती

आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड ही दोन वेगळी कार्डं आहेत. आयुष्मान कार्ड उपचाराच्या खर्चासाठी, त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच. आभा हा फक्त १४ आकडी आरोग्य क्रमांक, २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या डिजिटल मिशनचा. त्यात पैसे नसतात, तुमचे रिपोर्ट आणि चिठ्ठ्या एकत्र जोडल्या जातात. आभा दाखवून ऑपरेशन फुकट होईल या आशेने नागपूरला गेलेली माणसं रिकाम्या हाती परत आलीत.

आभा ऐच्छिक आहे. नाही म्हणून इलाज नाकारता येत नाही. काढलं तर पुढे बंदही करता येतं. एखाद्या दवाखान्याला तुमची जुनी माहिती हवी असेल तर ॲपवर विनंती येते: काय हवं, कशासाठी, किती काळ. ती वाचून 'हो' म्हणा, आणि नंतर मागेही घेता येते. आता इथे एक पेच आहे ज्याचं उत्तर कुठल्याच अधिसूचनेत नाही. संमती कायद्याने व्यक्तीची असते, गावात मोबाइल मात्र घराचा असतो. सुनेची पाळीची तक्रार, तिची गर्भपाताची जुनी चिठ्ठी, सासऱ्याच्या किंवा दिराच्या फोनवर ओटीपीसकट उघडी पडते. ज्या बाईला हे नको असेल तिने रिपोर्ट जोडण्याआधी सिस्टरला तसं सांगावं आणि कागदी चिठ्ठीवर भागवावं. तो तिचा हक्क आहे, आणि आशाताईंनी आभाचं टार्गेट थोडं बाजूला ठेवून हे ऐकायला हवं.

माहितीच्या गोपनीयतेचा मूळ आधार म्हणजे २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवणारा. सध्या खासगी कंपन्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम लागतात. त्यांत वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' धरल्यात आणि कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर देऊन महिन्याभरात तक्रार निकाली काढायची आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्याहून कडक: दंड २५० कोटींपर्यंत, आणि संमतीची सूचना मराठीतही वाचायला मिळण्याचा पर्याय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमाराला लागू व्हायच्या आहेत. मराठी सूचनेचा हक्क मिळाल्यावर वापरा. इंग्रजीतल्या चार पानांखाली 'आय ॲग्री' दाबायची सवय आपल्याला कोणी लावली, देव जाणे.

'आयुष्मान कार्ड अपडेट' म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडू नका, ती फसवणूक असते. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते.

मनाच्या आजारासाठी

यासाठी वेगळा फोन आहे: १४४१६, टेलिमानस. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीतून. आपल्या भागात याची गरज किती आहे हे सांगायला नको. दोन कायदेशीर गोष्टी मात्र सांगायला हव्यात, कारण त्यांच्या भीतीने लोक फोन लावत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. आणि ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असंच तो कायदा धरून चालतो, त्याला शिक्षा करायची नसते, इलाज करायचा असतो. पोलिसांच्या धाकाने घरात लपवून ठेवू नका. कोणी आत्ता, या घडीला जिवाचं बरंवाईट करायच्या बेतात असेल तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी हलवा, आणि १४४१६ किंवा १०८ लावा.

८. बिनसलं तर

आधी कागद मागा. तुमच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं डॉक्टरवर बंधन आहे. फोनवरच्या सल्ल्याचा लॉग, चॅट, चिठ्ठी हे जपणंही त्यांचंच काम. तोंडी न मागता मेसेज करून मागा, म्हणजे तारीख राहते.

डॉक्टरच्या वागण्याची तक्रार ज्या राज्यात त्यांची नोंदणी आहे तिथल्या मेडिकल कौन्सिलकडे जाते. आपल्याकडचे असतील तर मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. औषधाची किंवा दुकानाची असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, हो, माझ्याविरुद्धही. सरकारी सेवेबद्दल तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी. फुकट सेवेला ग्राहक कायदा लागत नाही, म्हणून ई-संजीवनीची तक्रार ग्राहक आयोगात नेऊन वेळ घालवू नका.

फी दिलेली असेल तर मात्र ग्राहक आयोग हे भक्कम दार आहे. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलंय. २०१९ च्या कायद्याने गावच्या माणसासाठी मोठी सोय केली: कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर दाखल करायची फी नाही, आणि सल्ल्याची फी काही पाच लाख नसते. ऑनलाइनही दाखल होते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, काही कंपन्या तेवढ्यानेच ताळ्यावर येतात.

पुरावा तुमच्या मोबाइलमध्ये असतो. चॅट डिलीट करू नका, हँडसेट विकण्याआधी बॅकअप घ्या, आणि जमलं तर जुना फोन प्रकरण मिटेपर्यंत पेटीत ठेवा, कारण डिजिटल पुराव्यासोबत आता प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. ग्राहक आयोगाची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ही तारीख मोजायला डॉक्टरची चिठ्ठी, फीची पावती आणि तुम्ही नोंदी मागितलेला तो मेसेज, तिन्ही एकाच ठिकाणी ठेवा.